मणी आणि खुंटी

आपल्याकडं वाढत्या उन्हाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हे सगळं सूर्याचं. त्याचं अकरा वर्षांचं चक्र असतं, त्यात माणसाचा काय संबंध?" असं म्हणणारी बरीच मंडळी शिकलेली असतात, म्हणून मला जास्त काळजी वाटते. आजची मिनिटं मी या एका वाक्यावरच खर्च करणार आहे.

सूर्याचं चक्र खोटं नाही. सूर्यावरचे डाग वाढतात, घटतात, पुन्हा वाढतात. दुष्काळाशी त्यांचं नातं असेल, ही शंकाही वेडगळ नव्हती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं सातारा, सोलापूर, विजापूरकडची गावंच्या गावं ओस पाडली. त्याच धामधुमीत, १८७७ साली, खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि सरकारी अधिकारी विल्यम हंटर यांनी लेख लिहून मांडलं की डाग कमी झाले की मद्रासेकडं पाऊस कमी होतो. हेच लॉकियर पुढं १८९८ च्या जानेवारीत खग्रास ग्रहण पाहायला आपल्या विजयदुर्गावर आले होते. कोडईकनालच्या सौर वेधशाळेमागंही ही आशा होतीच: सूर्य उमगला तर पाऊस उमगेल. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी आकडे मांडून पाहिले, तर डागांचं आणि पावसाचं नातं फारच पातळ निघालं. त्यांच्या हाती लागलं ते दुसरंच: महासागरांवरच्या हवेच्या दाबाचे हेलकावे. आज आपण एल निनोबरोबर ज्यांचं नाव घेतो, ते हे.

आपल्या डोळ्यांदेखतचंच घ्या. सूर्यावरचे डाग २०१४ साली शिखरावर होते. लॉकियर-हंटरांच्या हिशेबानं पाऊस चांगला व्हायला हवा होता. पण २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे कोरडे गेले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. उलट २०१९ साली डाग जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि त्याच ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. एवढ्यावरून सिद्धांत मोडला असं मी म्हणत नाही. पण पारावर बसून छातीठोकपणे सांगण्याइतका तो पक्का नाही, एवढं तरी मान्य करा.

आता तापमानाकडं येतो. आपण मिरजेचे, तंबोऱ्याच्या गावचे, म्हणून तंबोऱ्यावरच सांगतो. तार चढवायची असते खुंटीनं. मणी कशाला? स्वर केसभर वरखाली करायला. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र म्हणजे हा मणी. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजताहेत. दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट, आणि चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत फरक पडतो तो हजारात एक. पृथ्वीच्या तापमानात त्यानं फार तर अंशाचा दहावा भाग इकडंतिकडं होतो. शिवाय मणी पुढं सरकतो तसा मागंही येतो. मग काळी एकचा तंबोरा काळी दोनला पोचला, तर तुम्ही मण्याला दोष द्याल का? कुणीतरी खुंटी पिळली आहे.

खुंटी कोणती, तेही ठाऊक आहे: माणसानं हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. आणखी एक खूण सांगतो, ही नीट ऐका. सूर्यच तापला असता तर खालची हवा आणि वरची स्थितांबरातली हवा, दोन्ही तापल्या असत्या, म्हणजे सगळ्या तारा एकदम चढल्या असत्या. प्रत्यक्षात खालची हवा तापली आणि वरची थंड झाली. एक तार चढली, एक उतरली. हे मण्याचं काम नव्हे.

काही जण विचारतील, १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळपास दिसतच नव्हते, तेव्हा युरोप गारठला होता, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. त्या थंडीत ज्वालामुखींचा वाटा किती आणि सूर्याचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि तो वाद... असो, घड्याळ पुढं सरकतंय, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

जाता जाता तेच पुन्हा सांगतो, कारण मधूनच कुणी रेडिओ लावला असेल. चक्रानं सूर्याचं तेज बदलतं, पण ते हजारात एक. आणि १९८० नंतर सूर्याचं तेज वाढलेलं नाही, किंचित उतरलंच आहे. पृथ्वी मात्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मानानं एक अंशाहून अधिक तापली आहे, आणि त्यातली बरीचशी वाढ याच चाळीस-पंचेचाळीस वर्षांतली आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "सगळं सूर्याचं" म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा: "१९८० नंतर सूर्य किती वाढला, सांगा बघू."