कमी लिहिणाऱ्यांचा नंबर कधी लागणार?

गंगापूर रोडवरून बोलतोय. आजचा प्रश्न साधा आहे: तुमच्या फीडमध्ये कोण दिसतं?

हिशेब करू. एक गृहस्थ रोज 20 पोस्ट टाकतात, म्हणजे महिन्याला 600. तुमची शाळेतली मैत्रीण महिन्यातून एकदाच लिहिते. तिची एक पोस्ट त्या 600 मध्ये बुडून जाते. आणि नेमकं तिनं लिहिलेलं असतं, ‘आई गेली.’ आपल्याला कळतं तेराव्यानंतर.

यावर उपाय म्हणजे कोण किती वेळा लिहितं, त्यावरून गाळणी लावायची. ब्लूस्कायवर ‘क्वाएट पोस्टर्स’ नावाचं फीड आहे. आपण फॉलो करतो त्यांच्यापैकी कमी लिहिणाऱ्यांच्या पोस्ट ते दाखवतं. इन्स्टाग्रामवर 2022 पासून ‘फेव्हरिट्स’ आहे, त्यात 50 अकाउंट ठेवता येतात. तिथे रोज दिसणारे कशाला भरायचे? क्वचित लिहिणारे भरा.

पण एक सांभाळा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की सूचना पुन्हापुन्हा येतात. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, हे बघता बघता बदलतं. तिथे वारंवार येणारी पोस्टच कामाची. म्हणून गाळणी माणसांना लावा, इशाऱ्यांना नको.

जास्त लिहिणाऱ्यांना गप्प करायचं नाहीये, हां. बरेच दिवस न दिसलेलं एक नाव आज सर्चमध्ये टाकून बघा, एवढंच. भेटू पुढच्या भागात.