राजकारण आणि फुरसत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



राजकारण बिघडले, ही तक्रार आम्हांस प्रत्येक बैठकीत ऐकावयास मिळते. परंतु ती करणाऱ्यांपैकी ग्रामसभेस गेलेले किती? ‘वेळ कोठे आहे?’ असे उत्तर येते. आणि तेही खरेच. चंद्रपूरच्या कोळसाखाणींत व वीजकेंद्रात आपली तरुण मंडळी तीन पाळ्यांत राबते. रात्रपाळी करून आलेल्यास सकाळी दहाच्या सभेचे निमंत्रण म्हणजे थट्टाच!

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. २०११ पासून आपला बांबू आपण विकला. कायदा पाठीशी होताच. तथापि तेथील ग्रामसभा मतमोजणीने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. पटेपर्यंत बसावे लागते, आणि बसावयास फुरसत लागते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवार आज लग्नकार्ये, मोबाइल (आणि आमच्यासारख्यांची भाषणे!) यांतच सरतो.

पुढील वर्षीच्या सभा कार्यकारिणीने पाळ्यांचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात, एवढीच आमची सूचना आहे.