विमान घरातच चुकतं

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जानेवारी 2026 मध्ये दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काकू, विमानप्रवासावर दोन शब्द बोला." आता मी काही विमानात नोकरी केलेली बाई नव्हे. आयुष्यभर बँकेत कॅश मोजली. पण मुलगी सिंगापूरला, त्यामुळे जाणं-येणं झालं. आधी आम्ही दोघं जात होतो. हे गेल्यावर चार वेळा एकटीने गेले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची मुलं दुबईला, न्यू जर्सीला, सिडनीला नाहीतर बंगळूरला आहेत. म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाला बॅग भरायची आहेच. म्हणून मी शिकलेलं सांगते. आणि शिकले कशी, तर एकदा सपाटून चुकले म्हणून.

आधी ती चूक सांगते.

2014 सालची गोष्ट. मुलीचे दिवस भरत आले होते. तारखेला अजून दहा दिवस होते, पण जावयांना कामासाठी जकार्ताला जावं लागणार होतं, म्हणून तिने आम्हाला लवकर बोलावलं. तिकिटावर लिहिलं होतं, 9 ऑगस्ट, 00:40. नऊ तारखेला शनिवार. आम्ही दोघांनी कॅलेंडरवर शनिवारभोवती लाल गोल केला. शनिवारी जेवणं आटपली, देवाला दिवा लावला, साडेसातला टॅक्सी बोलावली. नऊ वाजता सहारला दारात उभे. एवढ्या लवकर पोचलो म्हणून हे खूश! दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "माताजी, ये फ्लाइट तो कल रात को ही चली गई."

रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, हे पहिलीतल्या पोराला कळतं. बँकेत तीस वर्षं तारखांचे शिक्के मारणाऱ्या मला कळलं नाही. शनिवारचं 00:40 म्हणजे शुक्रवारी रात्री घरातून निघायचं. आमचं विमान वीस तासांपूर्वी उडून गेलं होतं.

परत सानपाड्याला आलो. टॅक्सीत कोणी कोणाशी बोललं नाही. आणि रविवारी पहाटे फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. जावई जकार्तात, आम्ही इथे. शेजारची एक चिनी बाई तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. नारळी पौर्णिमेच्या दिवशी माझी नात जन्मली, आणि मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून फोन कानाला लावून रडत होते. वेळेवर गेलो असतो तर आदल्या दिवशी सकाळीच तिच्याजवळ असतो. मुलगी आजवर एका शब्दाने बोलली नाही. पण मला ते अजून बोचतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं. विमान विमानतळावर चुकत नाही, घरात चुकतं. तिकडे जी अडचण येते तिचं मूळ नव्वद वेळा आपल्या टेबलावर, कपाटात नाहीतर बॅगेत असतं. तेव्हा घरापासून सुरुवात करू.

तिकीट हातात आलं की तीन गोष्टी वाचा आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. एक, घरातून निघायचा वार. उड्डाणाचा नव्हे, निघायचा. रात्री बारा ते पहाटे चारमधलं विमान असेल तर आदल्या दिवसाचा वार लिहा. दोन, कुठलं विमानतळ. हा प्रश्न आपल्याला आता नव्याने आला आहे. 25 डिसेंबरपासून आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. एक सायन-पनवेल महामार्गाने वाशी खाडीपूल ओलांडून, दुसरं पाम बीचने बेलापूरच्या किल्ला जंक्शनवरून उलव्याकडे. अगदी उलट दिशा! चुकीच्या विमानतळावर पोचलात तर दुसऱ्यावर वेळेत पोचणं जवळपास अशक्य. तीन, मुंबई असेल तर टर्मिनल कुठलं. परदेशाची सगळी विमानं सहारच्या टी-टूवरून जातात, देशातली काही टी-वनवरून, काही टी-टूवरून.

मग नाव. आपल्या मराठी घरांत हा घोळ फार. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव मध्ये, पासपोर्टवर वडिलांचं, लग्नाआधीचं आडनाव पॅन कार्डावर, आणि तिकीट काढणारा नातू लिहितो नुसतं 'आजीचं लाडकं नाव'. परदेशी जाताना तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं, अक्षरन् अक्षर. तिकीट काढणाऱ्याला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. आणि तो पासपोर्ट परतीनंतर किमान सहा महिने चालू असेल हे बघा. बऱ्याच देशांत ही अट आहे.

आता वेळ. उलटी मोजायची. परदेशी जायला तीन तास आधी, देशात जायला दोन तास आधी दारात. देशातल्या विमानांचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, आणि बोर्डिंग गेट पंचवीस मिनिटं आधी. विमान समोर उभं दिसतं, पण दार मिटलेलं असतं. आणि सहारला जायला सानपाड्याहून किती वेळ लागतो? पहाटे चाळीस मिनिटं. संध्याकाळी मानखुर्द-चेंबूरला विचारा! मी दोन तास धरते. पाऊस असेल तर आणखी एक तास. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर दुपारीच निघावं, तिथे बसून डबा खावा. लवकर पोचून कुणाचं काही बिघडत नाही. फक्त तारीख बरोबर असावी.

वेब चेक-इन घरीच करून ठेवा किंवा मुलांकडून करून घ्या. देशातल्या प्रवासासाठी डिजियात्रा ॲप आहे. आधारने नोंदणी केली की चेहरा बघूनच आत सोडतात. तरी ओळखपत्र मूळचं जवळ ठेवाच. परदेशी वारंवार जाणाऱ्यांसाठी सरकारची जलद इमिग्रेशनची योजना मुंबईत जानेवारी 2025 पासून आहे. आगाऊ अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, पण मग रांगेऐवजी आपोआप उघडणाऱ्या फाटकातून जाता येतं. सिंगापूरला जाणाऱ्यांनी पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका.

आता बॅग. इथे बायकांनी लक्ष द्या, कारण बॅग भरतो आपणच.

हातात एक बॅग, सहसा सात किलोपर्यंत, आणि एक पर्स. औषधं हातातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात. वड्या सोडवून डबीत भरू नका. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. वीस हजार एमएएचपर्यंतची चालते. काडेपेटी, लायटर घरीच ठेवा. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत पातळ पदार्थाची बाटली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी नको. लोणचं आणि तूप पातळ पदार्थांतच मोडतं, बरं का! ते चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात मनाई आहे. आमच्या एका मैत्रिणीची वाटी-वाटी खोबरं तिथे टेबलावर काढून ठेवायची वेळ आली. आणि अडकित्ता! सुपारी खाणाऱ्यांनी तो चेक-इनमध्ये टाका, पर्समध्ये ठेवला तर तो विमानतळाचा झाला म्हणून समजा.

आता त्या लाडवांचं सांगते. 2014 ला विमान चुकवून आलो, त्या रात्री जिन्यात आपल्याच बिल्डिंगमधली एक मुलगी भेटली. ती तेव्हा विमान कंपनीत नोकरीला होती, शिफ्ट संपवून येत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, रविवारी आमची दुसरी तिकिटं काढून दिली, आणि म्हणाली, "काकू, बॅग उघडा, एकदा बघू." बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते, चांगले तीन किलो. तिने विचारलं, "यात खसखस आहे?"

मी म्हटलं, "अगं, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू होतो का?"

ती म्हणाली, "सिंगापूरला खसखस चालत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते ती."

मी तर हसलेच. पण ती हसली नाही. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून सिंगापूर, दुबई, सौदी या ठिकाणी तिला बंदी आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते, अनारशावर असते, आपल्याला त्यात काही वाटत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला वाटतं. विमान चुकलं नसतं तर मी तीन किलो लाडू घेऊन चांगीला उतरले असते, आणि मुलीला आईला सोडवायला धावपळ करावी लागली असती, तीही ओली बाळंतीण असताना. त्या रात्रीपासून मी कुठेही जायचं तर त्या देशाच्या कस्टम्सची यादी आधी वाचते. सिंगापूरला चुइंगम नको, तंबाखू नको. अमेरिका-ऑस्ट्रेलियाला फळं, बी-बियाणं, मांस नको, आणि खायचं काहीही नेलं तरी फॉर्मवर 'होय' लिहा. दाखवलं तर फार तर काढून घेतात. लपवलं तर दंड करतात.

आणि एक कटू गोष्ट. दुसऱ्याची पिशवी घेऊ नका. आपल्याकडे भीड पडते. "माझ्या मुलाला एवढा मसाला द्या हो." द्यायचाच असेल तर आपल्यासमोर उघडा, बघा आणि आपल्या हाताने भरा. बंद पाकीट असेल तर नमस्कार करून परत द्या. विमानतळावर ओळखीच्या माणसाने दिलं, असं सांगून कोणी सुटत नाही. बॅग तुमची, तर आतलं सगळं तुमचं.

तिथे पोचल्यावर घाबरण्यासारखं काही नाही. तपासणीच्या आधी मोबाइल, पट्टा, चिल्लर, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवा. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करतात. मंगळसूत्र काढावं लागत नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, कार्ड दाखवा. दागिने घालून परदेशी जात असाल आणि परत आणायचे असतील तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे येताना हे सोनं कुठलं असा प्रश्न येत नाही.

चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर मागायला लाजू नका. पण ती तिकिटाबरोबर, किमान दोन दिवस आधी मागा. आणि रांग टाळायला म्हणून मागू नका. मी स्वतः पाहिलंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना अर्धा तास थांबावं लागलं, कारण खुर्च्या संपल्या होत्या. आणि खुर्चीतून आलेली दोन माणसं खरेदीच्या दुकानात तुरुतुरु फिरत होती.

उतरल्यावर बॅग आली नाही तर बाहेर पडू नका. आतच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून द्या, तिचा कागद घ्या. त्याला प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट म्हणतात, पीआयआर. एकदा दाराबाहेर आलात की भांडण अवघड होतं. बॅगेला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधा, म्हणजे पट्ट्यावर लांबून ओळखू येते. आणि आत एका कागदावर नाव व फोन लिहा.

शेवटचं. त्या तीन किलो लाडवांचं काय झालं, असं मला आत्ताच कुणीतरी विचारलं. ते सी विंगमध्ये त्याच आठवड्यात बाळंतीण झालेल्या सुनेला दिले. तिचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मघाशी खिडकीवर चेंडू मारून गेला तो हाच. आणि आमची नातही अकरा वर्षांची. तिला दरवर्षी मी नारळी पौर्णिमेला व्हिडिओवर नारळीभात दाखवते.

नोटीस बोर्डावर मी एक यादी लावली आहे. निघायचा वार, विमानतळ, नाव, औषधं, खसखस. जाणाऱ्याने बॅग बंद करायच्या आधी मला हाक मारावी. मी येऊन बघून देईन. आमच्यासाठी कुणीतरी तसं केलं होतं.