गर्भाशयानंतरची तीस वर्षे



बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सहा जणींमागे एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खाजगी रुग्णालयांवर आले आणि गदारोळ ओसरला. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया मात्र पुढच्या हंगामात पुन्हा उसाच्या फडात उतरल्या.

या शस्त्रक्रियांमागचे अर्थकारण कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा. फडात ना पाणी, ना आडोसा. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर चढवावीच लागते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी पुष्कळदा साध्या औषधोपचाराने आटोक्यात येणाऱ्या. पण कर्करोगाचे भय घातले गेले आणि 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळाला. खाड्याच्या हिशेबात तो तिलाही सोयीचा वाटला. याला स्वेच्छा म्हणणे ही भांडवली व्यवस्थेची जुनी चलाखी आहे.

परंतु सारी चर्चा गर्भाशयापाशीच थांबली. त्याच वेळी अंडाशयेही काढली गेली काय, हे अनेक स्त्रियांना सांगितलेलेच नसते. वास्तविक पुढील आयुष्याच्या दृष्टीने तोच कळीचा प्रश्न आहे. अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखते आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य राखण्यास साह्य करते. भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः सेहेचाळिशीच्या आसपास जाते. तिशी-पस्तिशीत दोन्ही अंडाशये काढली, तर हा स्राव एका दिवसात थांबतो. अंडाशये जागेवर ठेवली, तरी त्यांचा रक्तपुरवठा घटून ती काही वर्षे आधीच थकण्याचा संभव असतो.

परिणाम प्रथम अंगाची आग, झोपमोड आणि सांधेदुखी या रूपाने जाणवतो. त्यास सारे 'अशक्तपणा' म्हणून मोकळे होतात. खरे नुकसान मुकाट्याने होत राहते. पहिल्या काही वर्षांत हाडे सर्वांत वेगाने विरळ होतात. पुढे मणका दबतो, खुब्याचे हाड मोडते. हृदयविकाराचा धोका वाढतो. पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये गमावलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे व अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यासांतून दिसले आहे. त्या स्त्रिया डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या नव्हत्या. जिची हाडे हीच तिची एकमेव मालमत्ता, तिचा हिशेब याहून कठोर असणार हे उघड आहे.

यावर उपाय आहेत, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. स्तनाचा कर्करोग वगैरे अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकांचा उपचार देणे हा वैद्यकशास्त्राचा मान्य सल्ला आहे. सोबत कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, रक्तदाबाची व हाडांच्या घनतेची तपासणी हवी. शहरातील सुखवस्तू स्त्रीला हे मिळते. ऊसतोड स्त्रीजवळ मात्र शस्त्रक्रियेचा कागददेखील नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राबविण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यांचा रोख पुढील शस्त्रक्रिया रोखण्याकडे आहे; होऊन गेलेल्यांचे काय?

बीडचे रुग्ण अखेरीस याच शहरातल्या घाटी रुग्णालयात येतात. तेथे या स्त्रियांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालावा, संप्रेरके व हाडांची तपासणी मोफत मिळावी, आणि प्रत्येकीस काय काढले याची मराठीत लेखी नोंद रुग्णालयाने द्यावी, ही मागणी पक्षाने हाती घ्यावयास हवी. टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात. गावोगावच्या याद्या त्याआधी तयार व्हाव्यात.