बरडावरचे दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



उभे राहून भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढची शाळा म्हणजे चूल, गोठा आणि वावर. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे. आपल्या सहलीचा वृत्तांत कोणीतरी सांगावा असे ठरले आणि चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. का केले, ते शेवटी कळेल.

या सहलीचे मूळ इजिप्त देशात आहे. आपल्यातील एक भगिनी लेक-जावयांबरोबर तो देश पाहून आल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी तिकडची हकिगत सांगितली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा खुफू राजाचा पिरॅमिड, त्याला लागलेले २३ लाखांच्या आसपास दगड, मूळची १४६ मीटर उंची, आणि हा सगळा खटाटोप एका माणसाच्या थडग्यासाठी! आपण सर्वजणी ऐकतच राहिलो. पण मला त्यातली दुसरीच एक गोष्ट लागून राहिली. त्या म्हणाल्या, “नाईलच्या काठाने हिरवी पट्टी आहे. ती जिथे संपते तिथे एक पाय पिकात आणि दुसरा वाळूत ठेवून उभे राहता येते. पिरॅमिड आहेत ते त्या वाळूच्या बाजूला.” तिथले जुने लोक आपल्या देशाला ‘काळी जमीन’ म्हणत आणि वाळवंटाला ‘तांबडी जमीन’. १९७० साली पुरे झालेले आस्वानचे मोठे धरण होण्याआधी नदीचा पूर दरवर्षी काळा गाळ आणून टाकी. त्या गाळावर गहू पिकवायचा आणि मेलेल्यांना ठेवायचे तांबड्यात.

काळी आणि तांबडी हे शब्द ऐकले आणि मला माझे माहेरचे वावर आठवले. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? खाली कपाशी-तुरीची काळी आणि वर मुरमाचे बरड.

तेवढ्यात कोणीतरी विचारले, “आपल्याकडे असे जुने काही नाही का?” तेव्हा आपल्या एका सभासद भगिनीच्या ओळखीच्या, नागपूरला इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, “आहे ना. तुमच्या पायाखालीच आहे. एक दिवस काढा, मी दाखविते.” अशी आपली सहल ठरली.

पहाटे दशम्या, ठेचा आणि झुणका बांधून आपण निघालो. पवनारला धाम नदी ओलांडली, सेलू मागे पडले आणि बुटीबोरीच्या अलीकडे बाईंनी बोलायला सुरुवात केली. या भागात टाकळघाट आणि खापा अशी दोन गावे आहेत. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. टाकळघाटला जुन्या वस्तीचे अवशेष सापडले आणि खाप्याला मेलेल्यांची दगडी वर्तुळे. म्हणजे राहणे एकीकडे आणि पुरणे दुसरीकडे. इजिप्तमध्येही लक्सरला हाच प्रकार आहे. नगर आणि देवळे नाईलच्या उगवतीच्या काठावर, राजांची थडगी मावळतीच्या डोंगरात.

नागपूर ओलांडून काटोलच्या रस्त्याने आपण जुनापाणीला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. खरे सांगते, प्रथम आपली सर्वांचीच निराशा झाली. एक ओसाड माळ, खुरटी झुडपे आणि काळे धोंडे. एक आजी तर म्हणाल्याही, “एवढ्यासाठी का पोरी मला गाडीत बसविलेस?” पण बाईंनी आम्हांला एका जागी उभे केले आणि धोंड्यांवरून बोट फिरवीत नेले तेव्हा डोळे उघडले. ते धोंडे वाटेल तसे पडलेले नव्हते. ते गोल मांडलेले होते. एक वर्तुळ दिसले आणि मग जिकडे पाहावे तिकडे वर्तुळेच! तिथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत.

मधल्या भागात माती-मुरुमाचा उंचवटा असतो. त्याच्याखाली मृताचे अवशेष, त्याची भांडी आणि त्याची हत्यारे. भांडी आतून काळी आणि बाहेरून तांबडी असतात. हे लोक साधारणपणे अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या वर्तुळांवर लेख लिहिला, आणि १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले. जवळच्याच माहुरझरीला १९७० ते १९७२ या काळात झालेल्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावर घालण्याचा तांब्याचा साज सापडला. रंगीत दगडांचे मणीही सापडले. मण्यांचे नाव काढताच आपल्या सर्वांचे हात गळ्याशी गेले, हे बाईंच्या नजरेतून सुटले नाही. त्या हसून म्हणाल्या, “हौस तेव्हाही होती.”

लोखंडाची गोष्ट मला विशेष वाटली. इजिप्तमध्ये तुतनखामेन नावाच्या तरुण राजाची कबर १९२२ साली उघडली. त्याच्याजवळ सोन्याच्या राशी होत्या, पण लोखंडाचा खंजीर एकच. आणि तोही आकाशातून पडलेल्या उल्केच्या लोखंडाचा, असे २०१६ साली तपासणीअंती प्रसिद्ध झाले. आपल्या वर्तुळांतून लोखंडाच्या कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघतात. पारशिवनीकडे नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. आता तो राजा आपल्या वर्तुळांहून कितीतरी आधीचा, तेव्हा ही काही चढाओढ नव्हे. पण राजाने सोने बरोबर नेले आणि आपल्या माणसांनी कुऱ्हाड बरोबर दिली, हे ऐकून मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला. कष्टकऱ्याच्या घरात मागे राहिलेल्यांना कुऱ्हाडीची गरज कमी का असते? तरी त्यांनी ती दिली.

पिरॅमिड गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतले असे आपण ऐकत आलो. ते तसे नाही, असे बाईंनी सांगितले. १९९० साली पिरॅमिडांजवळच तेथील कामगारांच्या कबरी सापडू लागल्या. राबणाऱ्यांनाही मानाने पुरलेले होते. आपल्या बरडावर तर राजाही नव्हता आणि फौजही नव्हती. एवढाले धोंडे आणून गोल मांडायचे म्हणजे आपले मानणारी दहा-वीस माणसे लागलीच असणार.

आता मूळ मुद्द्यावर येते. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले आहेत. काही ठिकाणी ते रांगेत आहेत. ते दिशा किंवा तारे पाहण्यासाठी असावेत असे काही संशोधकांना वाटते. बाई हे सांगत असताना मी खाली बसले आणि एका खळग्यात बोट घातले. आणि भगिनींनो, मला उठवेना.

माझ्या माहेरी गोठ्याच्या दाराशी असाच एक धोंडा आहे. त्यावर अशीच खळग्यांची रांग आहे. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ त्यात विटकरीचा चुरा कुटून भातुकलीचे तिखट करीत असू. तो धोंडा गोठ्याशी कसा आला हेही मला ठाऊक होते. आमच्या वावराच्या वरच्या धुऱ्याशी, बरडावर, असे दोन फेर होते. आजी त्यांना ‘गवळ्यांचे वाडे’ म्हणे आणि तिकडून जाताना आपसूक पदर सावरून घेई. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी गोठा बांधायला काढला. दगड विकत घ्यायला पैसा नव्हता. त्यांनी त्यांतला एक फेर मोडला आणि बंडीत घालून दगड खाली आणले. आजी दोन दिवस जेवली नाही. बाबांनी वाईट बुद्धीने काही केले नाही. बैल पावसात उभे होते. कोणी सांगणारे असते तर त्यांनी दुसरीकडून दगड आणले असते.

परतीच्या वाटेवर तुम्ही सर्वजणी गाणी म्हणत होता आणि मी गप्प का, असे विचारीत होता. उरलेल्या दुसऱ्या फेराची मला काळजी लागली होती. भावाने सांगितले होते की यंदा यंत्र लावून बरड सपाट करायचे, दगड विकून टाकायचे आणि तिथे संत्र्याची कलमे लावायची.

बाबा गेल्यावर मी हक्कसोड करून दिली आहे. तुमच्यापैकी कित्येकींनी दिली असेल. तेव्हा त्या जमिनीत बोलायचा मला कागदाने अधिकार नाही. मग मी भाऊबीजेची वाट पाहिली. ओवाळून झाल्यावर त्याने पाकीट ताटात ठेवले. मी ते परत त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “मला तो वरचा फेर दे. नावावर करू नको, तसाच राहू दे.”

तो हसला. म्हणाला, “ताई, त्या दगडांत तुला काय पिकवायचे आहे?”

मी त्याला गोठ्यापाशी नेले, तो धोंडा दाखविला आणि जे ऐकले होते ते मला आले तसे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अर्धा एकर जातो गं त्यात. कर्ज आहे डोक्यावर.” ते खरेच आहे. मी तरी काय उत्तर देणार? पाकीट तेवढे घेतले नाही. भावजयीने मात्र स्वयंपाकघरातून सांगितले, “वन्सं, तुम्ही काळजी करू नका.” मागच्या महिन्यात तिचा फोन आला. यंत्र येऊन गेले होते. कलमांचे खड्डे फेराच्या अलीकडेच थांबले आहेत. पुढच्या वर्षीचे मी सांगू शकत नाही.

भगिनींनो, जुनापाणीला सरकारी संरक्षण आहे. माझ्या माहेरच्या फेराला नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात खैरवाड्याला अशी वर्तुळे शेकड्यांनी आहेत, आणि आणखी कोणाकोणाच्या धुऱ्यावर असतील ते आपण पाहिल्याशिवाय कळणार नाही. इजिप्तच्या पिरॅमिडांना सारे जग पाहायला जाते, त्यांना राखणारे पुष्कळ आहेत. आपल्या बरडावरच्या माणसांना आपल्याशिवाय कोण?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. यंदा माहेरी गेलात की एकदा बरडाकडे चक्कर टाका. धोंडे गोल मांडलेले दिसले तर मोजा आणि दगडांवर खळगे आहेत का ते पाहा. धन असेल म्हणून कोणी उकरायला निघाला तर त्याला थांबवा, कारण एकदा उकरलेल्या जागेतून जाणत्या माणसालाही पुढे काही वाचता येत नाही. आणि गावाचे नाव आपल्या चिटणीसबाईंकडे लिहून द्या. त्या सर्व नावांची यादी करून नागपूरला पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी असे मंडळाने ठरविले आहे. यादीतले पहिले नाव मी आज लिहून आणले आहे.