आपली बॅग आपणच भरायची



तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात परदेशचा प्रवास कुठून आला? पण बघा, आपल्या गावांतल्या मुली शिकल्या, कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन परदेशी गेल्या. त्यांच्या बाळंतपणाला आई लागतेच. आमच्या गटातल्या एक काकू ऑक्टोबरात दुबईमार्गे अमेरिकेला, न्यू जर्सीला लेकीकडे निघाल्या आहेत. त्यांच्यासोबत बसून आम्ही तयारीची यादी केली. तीच आज सांगते.

पहिले कागद. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. तिकिटावरचे आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्या, कारण मोबाईल बंद पडू शकतो. हे सगळे खांद्याच्या पिशवीत ठेवायचे आणि पिशवी आपल्याच खांद्यावर. बीपी-शुगरच्या गोळ्याही तिथेच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. मोबाईलची पॉवर बँकसुद्धा हातातच न्यायची, मोठ्या बॅगेत चालत नाही.

आता कपडे. आपल्याकडे ऑक्टोबर हीट असते, तेव्हा तिकडे पानगळ सुरू असते. रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत गारठा पडतो, पुढे वाढतच जातो. एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा साडीच्या आत घालायचे गरम कपडे, वर स्वेटर आणि शाल असे थर बरे. पायमोजे आणि बंद बूट घ्या, नव्या बुटांची सवय आठ दिवस आधीपासून करा. विमानातही थंडी वाजते, म्हणून शाल हाताशी ठेवा.

खरी गोष्ट खाऊची. डिंकाचे लाडू करायचे तर त्यात खसखस घालू नका. दुबई आणि सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांत धरतात. आपले विमान तिथे नुसते थांबणार असले तरी धोका कशाला? सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. अमेरिकेत ताजा कढीपत्ता, ताजी फळे, मटणाचे पदार्थ आणि आपल्याकडचा तांदूळ न्यायला मनाई आहे. घरचा इंद्रायणी कितीही वास मारत असला तरी तो घरीच राहू द्या. उतरल्यावर विचारले तर सोबतचे सगळे खाणे खरे खरे सांगायचे. लपवले आणि सापडले तर तीनशे डॉलरपासून पुढे दंड होऊ शकतो.

आणि शेवटची, सर्वांत मोठी गोष्ट. बाई परदेशी निघाली की शेजारीपाजारी पुडकी घेऊन येतात. "माझ्या भाच्याला एवढे द्या हो." आपल्याला नाही म्हणणे जड जाते. पण ऐका. २०१९ साली मुंबईचे एक जोडपे कतारला गेले. नात्यातल्याच बाईने सहल ठरवून दिली आणि सोबत एक पुडके दिले. दोहाच्या विमानतळावर त्यात चरस निघाला. बायको गरोदर होती. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळ कैदेतच जन्मले. २०२१ मध्ये निर्दोष ठरून ते घरी आले, पण गेलेले दिवस कोण परत देणार?

म्हणून आमच्या गटाने ठराव केला. काकूंकडे कुणी काही दिले तर ते सगळ्यांसमोर उघडायचे, बघायचे आणि मगच ठेवायचे. शिवलेले, चिकटवलेले पुडके आणि दुसऱ्याची औषधे घ्यायचीच नाहीत. नाही म्हणायचे ओझे एकट्या काकूंवर नको, "गटाचा नियम आहे" म्हणायचे, झाले! आणि बॅग मुलाने किंवा सुनेने भरली तरी काकू शेजारी बसणार. विमानतळावर "ही बॅग कुणी भरली?" असे विचारले, तर "मी भरली" हे त्यांना ठामपणे सांगता आले पाहिजे.

तुमच्या गटातले कुणी निघणार असेल तर पुढच्या बैठकीत हा ठराव जरूर मांडा.