निम्मा वेळ खेळाचा

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



चित्रांबद्दल बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही चित्रकार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी चित्रकला म्हणजे दारातली रांगोळी, तीसुद्धा ठिपक्यांची. शाळेत एलिमेंटरीला बसायचं होतं. रंगपेटी भावासाठी आली, माझी परीक्षा राहिली. तुमच्यापैकी प्रत्येकीचं असं काही ना काही राहिलेलं असणार, म्हणून ते लांबवत नाही.

आम्ही चौघीजणी. एक निवृत्त नर्स, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, एक अंगणवाडी सेविका आणि मी. शनिवारी दुपारी एकीच्या घरी जमतो आणि मोबाइलवरून शिकतो. ‘ड्रॉअबॉक्स’ नावाचे धडे आहेत, फुकट. इंग्रजीत आहेत, म्हणून नर्सबाई वाचून मराठीत सांगतात. पहिल्या धड्यात चित्र नाहीच! पट्टीने रेघ मारायची आणि तिच्यावरून नुसत्या हाताने आठ वेळा रेघ ओढायची. तीही पेनाने, म्हणजे खोडायची सोय नाही. हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. पोळीभाजीवालीला ते लगेच जमलं. “कणीक तिंबायला खांदाच लागतो की,” म्हणाली. पुढे खोकी काढायची. किती? २५०.

खोकी आम्ही निमूटपणे काढली. कष्टाची सवयच आहे. अडलो ते दुसऱ्याच नियमाशी. हे धडे सांगतात की चित्राला जेवढा वेळ द्याल, त्यातला निम्मा अभ्यासाला नाही, निव्वळ मजेला द्या. मनात येईल ते काढा, बिघडलं तर बिघडू द्या. तो निम्मा वेळ एकीनेही पाळला नाही. अंगणवाडीच्या बाईंनी आंबा काढला, कारण तक्त्याला उपयोगी पडेल. मी हत्ती काढला, नातवासाठी. तुला स्वतःसाठी काय काढावंसं वाटतं, असं एकमेकींना विचारलं तर सगळ्या गप्प. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली.

लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली. संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पुढे झोफनी या चित्रकाराने सदस्यांचं चित्र रंगवलं. त्यात पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत, आणि या दोघी कुठे? भिंतीवरच्या तसबिरींत! बाईने त्या खोलीत असणं शोभणार नव्हतं ना. तिथल्या विद्यार्थिनींना मॉडेलवरून चित्र काढायची परवानगी मिळाली १८९३ मध्ये, तीही मॉडेलच्या कमरेला वस्त्र असेल तर. मोठ्या स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हा प्रश्न लिंडा नॉकलिन यांनी १९७१ साली घेतला, तेव्हा त्यांनी या बंद दारांकडेच बोट दाखवलं होतं.

आज दाराशी कोणी उभं नाही. धडे फुकट आहेत. पण दुपार फुकट नाही. मोबाइल मुलाचा, चारला चहा, आणि “हे आता कशाला?” हा प्रश्न तर घरोघरी.

मग आम्ही ठरवलं, निम्म्या वेळात एकमेकींनाच काढायचं. पहिल्यांदा नर्सबाई बसल्या, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून. वीस मिनिटं काहीच न करता बसायचं होतं. तीनदा उठल्या. एकदा गॅस बघायला, आणि घर त्यांचं नव्हतंसुद्धा! मी त्यांचे पाय काढले. आयुष्यभर उभ्याने ड्यूटी केलेले पाय, फुगलेल्या शिरांसकट. त्या बघून म्हणाल्या, “शिरा खोड गं.” पेनाची रेघ, खोडणार कशी? बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी डावा पाय नीट काढ.”

आम्ही एकमेकींच्या चित्राला नुसतं ‘छान’ म्हणत नाही. कुठली रेघ नीट बघून काढली आहे आणि कुठली अंदाजाने, ते सांगतो. तुम्हीही सांगा. ते चित्र मी आणलंय, मागे फिरवते. अंगठा चुकलाय. बघून परत द्या मात्र, त्यांनी मागून ठेवलंय.